बॅक१ची ओढाताण: खरी किती, सांगोवांगी किती?

पर्णचकती: काल इथे कुणी छातीठोकपणे लिहिलंय, "बीआरआय१ला (वाढीचं संप्रेरक ओळखणारं प्रथिन) वाढीसाठी बॅक१ (त्याच्या जोडीचं प्रथिन) लागतो, एफएलएस२लाही (जिवाणू ओळखणारं प्रथिन) जिवाणू ओळखल्यावर तोच लागतो. बॅक१ मोजकाच, म्हणून झाड एक तर वाढतं, नाहीतर लढतं." डोकंच फिरलं. २०१२ला एकाच अंकात लागोपाठ दोन पेपर आले. एक म्हणतो, ब्रासिनोस्टेरॉइड, म्हणजे बीआरआय१ ओळखतं ते वाढीचं संप्रेरक, प्रतिकार दाबतं, पण एफएलएस२-बॅक१ची जोडी न बिघडवता. दुसरा म्हणतो, बॅक१मधून आणि त्याच्याशिवाय, दोन्ही वाटांनी. पुढच्याच वर्षी बीझेडआर१ (ब्रासिनोस्टेरॉइडच्या इशाऱ्यावर केंद्रकात जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन) पुढे आला, म्हणजे भांडण केंद्रकात पोचलं. हे सगळं गिळून 'बॅक१ पुरत नाही' एवढंच सांगायचं?

मुळाक्षर: काल लिहिणारा मीच. दुसरा पेपर बॅक१ला सोडत नाही, हे तुम्हीच लिहिलंत की! आणि एफएलजी२२ (एफएलएस२ ओळखतं तो जिवाणूच्या प्रथिनाचा तुकडा) घातलेल्या माध्यमात रोपं वाढवून बघा. माझी शेजारची, एफएलजी२२ न घातलेली रोपं दहा दिवसांत पसरली, ही मात्र खुरटून बसली. डोळ्यांनी पाहिलंय.

पर्णचकती: खुरटली हे मान्य. बॅक१ संपला म्हणून खुरटली, हे कोणत्या डोळ्यांनी दिसलं?

जुनाबियाणं: निम्मा घोळ नावाचा आहे. २००२ला बॅक१ बीआरआय१सोबत सापडला म्हणून 'बीआरआय१-असोसिएटेड'. एफएलएस२शी नातं कळलं २००७ला, तोवर बारसं उरकलं होतं. त्याचंच दुसरं नाव सर्क३, ते म्हणा, वाद मिटेल.

मुळाक्षर: सर्कमध्ये येतं सोमॅटिक एम्ब्रिओजेनेसिस, म्हणजे साध्या शरीरपेशींपासून भ्रूण घडणं. ते बरं का?

जुनाबियाणं: बरं नाही, पण निदान वाढीची मालकी तरी सांगत नाही. मी भोगलंय हो. बियांच्या एका पाकिटावर बॅक१, दुसऱ्यावर सर्क३. मी दोन वेगळी जनुकं समजून क्रॉस केला आणि डबल म्युटंट (दोन्ही जनुकं बिघडलेलं रोप) शोधत पीसीआर करत बसलो. दोन महिने! निघणार कुठून? गाईड हसले, मी नाही.

शेवाळ: नावांवर चर्चा रंगलीच आहे तर, बीआयके१चा (याच साखळीतलं आणखी एक प्रथिन) उच्चार 'बिक' की 'बाइक'?

पर्णचकती: कृपा करा. मुद्द्यावर या. बॅक१-५ म्युटंट, म्हणजे बॅक१चं बदललेलं रूप, २०११चा. प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललेलं, ४०८व्या जागचं सिस्टीन जाऊन टायरोसिन. एफएलजी२२ला प्रतिसाद ढासळतो, ब्रासिनोस्टेरॉइडचा मात्र शाबूत. एकच रेणू आहे, पण दोन्ही कामं वेगळी काढता येतात. मग ओढाताणीचा सिद्धांत कुठे उरतो?

मुळाक्षर: वेगळी काढता येतात म्हणजे निसर्गात स्पर्धा नाहीच, असं होत नाही. पण ठीक, 'एक तर, नाहीतर' हे मी जरा जास्तच ताणलं. झालं समाधान?

पर्णचकती: अर्धं. जॅझ आणि फायबी ही जनुकं बिघडवलेल्या झाडांचा २०१६चा पेपर वाचा, त्यातली झाडं वाढतातही आणि लढतातही.

मुळाक्षर: ती वाट जॅस्मोनेटची, म्हणजे बचावाच्या वेगळ्याच संप्रेरकाची. आता मुद्दा कोण सोडतंय?

जुनाबियाणं: ते राहू द्या. सर्क३चं काय ठरलं?