भंगारातले दोन ट्रान्सफॉर्मर: वाइंडिंग चांगलं आहे हे कसं तपासायचं?

लातूरकर_पोरगा:
नमस्कार मंडळी. भंगाराच्या दुकानातून दोन ट्रान्सफॉर्मर किलोवर घेतले. दोन्ही एकाच जातीचे, जुन्या बॅटरी चार्जरमधले. 12-0-12 (मधल्या तारेपासून दोन्हीकडे 12 व्होल्ट), 5 अँपिअर असं अजून वाचता येतं. एका बाजूला दोन बारीक तारा, दुसऱ्या बाजूला तीन जाड. माझ्याकडे फक्त साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. बारीक तारांवर एकाचा रेझिस्टन्स 14.2 ओहम येतो, दुसऱ्याचा 13.9. जाड तारांवर मात्र कुठल्याही दोन धरल्या तरी बझर वाजतो, दोन्हींतही. म्हणजे सेकंडरी (12 व्होल्टची, जाड तारांची बाजू) शॉर्ट आहे का? डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी पॉवर सप्लाय बनवायचाय, नवीन परवडत नाही.

सोल्डर_आणि_चहा:
बझर वाजणारच भावा. जाड तार, थोडे वेढे, रेझिस्टन्स ओहमच्या दहाव्या हिश्शात. प्रोब एकमेकांना टेकवून बघ, तिथेच 0.2-0.3 दाखवेल. प्रायमरी (230 व्होल्टची, बारीक तारांची बाजू) मिळतेय म्हणजे दोन्ही चांगले. लाव बिनधास्त.

कराडचा_रिवाइंडर:
बझरचं बरोबर आहे, पण बिनधास्त लावू नकोस बाळा. 27 वर्षं वाइंडिंग करतोय. ओहमचा आकडा एवढंच सांगतो की तार मध्ये तुटलेली नाही. शेजारशेजारच्या दोन वेढ्यांचं इनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) जळून ते टेकले, तर आठ-नऊशे वेढ्यांतला एक कमी होतो. मीटरला ते कुठून कळणार? पण तो वेढा म्हणजे बंद कडी. सप्लाय दिला की त्या कडीत प्रचंड करंट फिरतो आणि बघता बघता बॉबिन, म्हणजे तार गुंडाळलेली रीळ, वितळते.

आधी बॉबिनला नाक लाव. जळलेल्या व्हार्निशचा उग्र वास वर्षानुवर्षं जात नाही. मग मीटर 20 मेगाओहमवर ठेव. कोरच्या लोखंडी पट्ट्यांचा (हीच बॉडी) एक कोपरा पॉलिश पेपरने घासून चकचकीत कर, एक प्रोब तिथे आणि दुसरा प्रायमरीवर. तसंच सेकंडरी-बॉडी आणि प्रायमरी-सेकंडरी. डिस्प्लेवर डावीकडे नुसता 1 राहिला पाहिजे. प्रोबच्या टोकांना बोटं लावू नकोस, नाहीतर स्वतःचाच रेझिस्टन्स मोजशील. आकडा आला, तर तो ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेव. आकडा आला नाही तरी 230 व्होल्टला इन्सुलेशन टिकेलच असं नाही, त्यासाठी मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर, लागतो. कॉलेजच्या लॅबमध्ये असतो, सरांना विचार.

आता खरी परीक्षा, सिरीज बल्ब. 60 वॅटचा फिलामेंटचा बल्बच हवा, एलईडी चालणार नाही. फेज बल्बमधून प्रायमरीला, दुसरं टोक न्यूट्रलला. तिन्ही जाड तारांना वेगवेगळी टेप लाव. लाकडी टेबलावर ठेव, पायात चप्पल, आणि बटण चालू असताना कशालाही हात नाही. चांगला असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकेल आणि विझेल, फार तर तार लालसर दिसेल. आत वेढे शॉर्ट असतील तर सेकंडरी मोकळी असूनही बल्ब भक्क पेटेल. खात्री करायची तर बटण बंद करून चांगल्याच्या दोन टोकाच्या जाड तारा जोड आणि पुन्हा चालू कर. शॉर्ट कसा दिसतो ते डोळ्यांत बसेल.

पास झाला की बल्ब काढून फ्यूजमधून थेट लाव. अर्ध्या तासाने बंद करून, प्लग काढून हात लाव. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

लातूरकर_पोरगा:
काका, केलं सगळं. वास दोन्हींना नाही, बॉडीला दोन्ही स्वच्छ. 14.2 वाल्याचा बल्ब लुकलुकून विझला. थेट लावल्यावर मधल्या तारेपासून दोन्हीकडे 13.2 व्होल्ट आले, अर्ध्या तासाने जेमतेम कोमट. 13.9 वाल्याचा बल्ब पूर्ण पेटला! मी परत परत तारा बघितल्या, कुठेच काही टेकलेलं नाही. मीटरवर तर दोन्ही सारखेच होते.

कराडचा_रिवाइंडर:
13.2 रिकाम्यावर आहे, लोड घातलास की 12 च्या आसपास येईल. तुझा सप्लाय त्याच्यावरच कर.

दुसरा टाकू नकोस. या जातीत बहुतेक वेळा सेकंडरी वरून गुंडाळलेली असते. प्लग काढून पट्ट्या एकेक काढ, जाड तार उलगड आणि वेढे मोजून वहीत लिही. पट्ट्या परत भरून नुसत्या प्रायमरीवर बल्ब लाव. विझला, तर दोष सेकंडरीत होता. तेवढ्याच वेढ्यांची नवीन गुंडाळ. पेटलाच, तर प्रायमरी गेली. पट्ट्या उपसताना हातमोजे घाल, कडा ब्लेडसारख्या कापतात.