श्रीलंका १९९६च्या आधीही होती की!

'श्रीलंकेचं क्रिकेट म्हणजे जयसूर्यापासून पुढे' असं म्हटलं जातं, ते काही पटत नाही. श्रीलंकेनं जिंकलेला १९९६चा वर्ल्ड कप डोळ्यांत भरतो हे खरं, पण त्याआधी या संघानं बराच मार खाल्ला होता. अक्षरशः. १९७५च्या वर्ल्ड कपमध्ये लंडनच्या ओव्हलवर ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज जेफ थॉमसनसमोर सुनील वेट्टिमुनी आणि दुलीप मेंडिस दोघांनाही चेंडू लागून इस्पितळात जावं लागलं. तरीही ३२९चा पाठलाग करताना यांनी ६० षटकांत ४ बाद २७६ केल्या, ऑलआउट झाले नाहीत! चार वर्षांनी ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी आपल्यालाच, म्हणजे भारताला, ४७ धावांनी हरवलं. ते आपण सोयीस्करपणे विसरतो.

कसोटी दर्जा १९८१ला मिळाला. पहिली कसोटी फेब्रुवारी १९८२मध्ये, इंग्लंडविरुद्ध, कोलंबोच्या सारा ओव्हलवर. त्याच वर्षी मद्रासला मेंडिसनं दोन्ही डावांत शतक ठोकलं, दोन्ही वेळा नेमक्या १०५ धावा. आणि १९८५ला पहिला कसोटी विजय, पुन्हा सारा ओव्हल, पुन्हा समोर आपणच. रुमेश रत्नायकेनं सामन्यात ९ बळी घेतले, त्यात स्वतःच्याच गोलंदाजीवर टिपलेला कपिल.

जाता जाता, याच मैदानाचा एक किस्सा. १९४८ला डॉन ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडला जाताना कोलंबोत थांबून खेळला, तेव्हा खेळपट्टी बावीसऐवजी वीसच यार्डांची निघाली होती. ब्रॅडमनच्या धावा? २०!