‘ट्वी’ला मराठीत काय म्हणावे?

चकवाचांदणी :
बेल अँड सेबॅस्टियन या ग्लासगोच्या इंडी (म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र राहिलेल्या) बँडच्या ‘टायगरमिल्क’ या पहिल्या अल्बमबद्दल श्रोत्यांनी वेळोवेळी जे लिहिले, त्यातल्या काही मजकुराचा मी एका दिवाळी अंकासाठी अनुवाद करत आहे आणि चार दिवस ‘ट्वी’ या एका इंग्रजी शब्दापाशी अडकले आहे. लहान मूल ‘स्वीट’ म्हणायला जाते आणि बोबड्या जिभेने ‘ट्वी’ म्हणते, त्यावरून हा शब्द आला. अडचण अशी आहे की ज्यांना हा अल्बम सहन झाला नाही ते त्याला याच शब्दाने हिणवतात, आणि ज्यांनी तो उराशी धरला तेही त्याला प्रेमाने ट्वीच म्हणतात. ‘गुळचट’ लिहिले तर कौतुक मरते आणि ‘निरागस’ लिहिले तर टोमणा मरतो. तूर्त मी ‘लाडिक’ लिहिले होते. परंतु मसुदा वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी हा शब्द फक्त बायकांच्या बोलण्याला लावतात असे ठामपणे सांगितले. आमच्या साताऱ्याच्या घरी तो मांजरालाही लावत असत. कोणाचे बरोबर?

कानामात्रा :
मांजराच्या बाजूने माझेही मत धरावे. आमचे आजोबा तर लाड आणि लाडू हे एकाच कुळातले शब्द आहेत असे सांगत आणि आम्ही ते खरे मानत असू.

तरीही या जागी मी ‘बाळबोध’ सुचवेन, कारण तुम्हाला हवे असलेले दोन्ही पदर त्या शब्दात आधीपासून आहेत. ‘बाळबोध कथानक’ म्हटले की नापसंती असते, पण ‘बाळबोध वळणाचे घर’ म्हटले की साधेपणाबद्दलचा आदर असतो. शिवाय या बँडचे नावच मुळी सेसिल ओब्री यांच्या फ्रेंच बालकथेतून आलेले आहे. त्यात सेबॅस्टियन हा मुलगा आणि बेल ही त्याची कुत्री आहे.

शिळाप्रेस :
लाडूचे मूळ लड्डुक आणि लाडाचे मूळ लड् किंवा लल् हा धातू, तेव्हा आजोबांची व्युत्पत्ती गोड असली तरी टिकणारी नाही. ‘बाळबोध’ हे तर मोडीच्या जोडीने चालणाऱ्या देवनागरी लिपीचे नाव आहे. भोळसट या अर्थाने तो वापरणे मला ढिलाईचे वाटते.

माझी खरी हरकत मात्र वेगळी आहे. ताई, तुम्ही ‘अल्बम’, ‘बँड’ आणि ‘इंडी’ हे तीन शब्द जसेच्या तसे ठेवून चौथ्यासाठी मराठी शब्द शोधत आहात. ध्वनिमुद्रिका, वाद्यवृंद आणि स्वतंत्र हे शब्द असताना हे का? आणि शीर्षक ‘वाघिणीचे दूध’ असे का करू नये?

रानजाई :
‘वाद्यवृंद’ वाचून माझ्या डोळ्यांपुढे गणेशोत्सवातला मंच येतो आणि ‘स्वतंत्र’ला इंडी म्हटल्यावर कानात वाजणारा आवाज नाही. ‘ध्वनिमुद्रिका’ही नको, इथे ‘तबकडी’ हाच नेमका शब्द आहे. ग्लासगोच्या स्टो कॉलेजातल्या संगीत-व्यवसायाच्या अभ्यासक्रमाचे इलेक्ट्रिक हनी हे लेबल, म्हणजे ध्वनिमुद्रणे प्रकाशित करणारी संस्था, होते, त्याने जून १९९६ मध्ये हा अल्बम केवळ तबकडीच्या रूपात, तोही १००० प्रतींत काढला. पुढे जीपस्टर या लेबलने तो १९९९ मध्ये पुन्हा आणेपर्यंत बहुतेकांनी तो कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेला ऐकला. १९९८ मध्ये मी ग्लासगोत शिकत असताना वसतिगृहातल्या शेजारणीने मला तशी एक कॅसेट दिली होती. तिच्यात गाण्याइतकीच खरखर होती, आणि पुढे स्वच्छ आवृत्ती हातात आली तेव्हा मला ती खरखर नसल्याची चुटपुट लागली.

म्हणूनच मला ‘बाळबोध’ आणि ‘लाडिक’ हे दोन्ही शब्द या अल्बमवर अन्याय करणारे वाटतात. बँडचा गायक स्टुअर्ट मर्डॉक याचा आवाज कानाशी कुजबुजल्यासारखा मऊ आहे हे खरे. पण पहिल्याच गाण्यात भाऊ आपण समलिंगी असल्याचे कबूल करतो, निवेदक कुणाला तरी देशातून हाकलले जाऊ नये म्हणून घाईने लग्न करतो, आणि ज्या पाद्र्याजवळ तो पापांची कबुली देतो तो त्या पापांची कादंबरी करून टाकतो. यात बाळबोध काय आहे? मर्डॉक कित्येक वर्षे दीर्घ थकव्याच्या आजाराने अंथरुणाला खिळलेला होता. तो आवाज मला लाडाचा नाही, अशक्तपणातून उठलेल्या माणसाचा वाटतो.

कानामात्रा :
आपण सांगता ते अल्बमबद्दल खरे आहे. प्रश्न मात्र श्रोत्यांच्या शब्दाचा आहे. श्रोता अन्याय करत असेल, तर अनुवादातही तो अन्याय उतरला पाहिजे. ‘ट्वी’ हा शब्द या बँडच्या आधीपासून फिरत होता. न्यू म्युझिकल एक्सप्रेस या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाने १९८६ मध्ये काढलेली ‘सी८६’ ही २२ गाण्यांची कॅसेट आणि नंतरचे ब्रिस्टलचे सारा रेकॉर्ड्स हे लेबल यांच्या संगीतावर हा शब्द शिवीसारखा फेकला गेला, आणि पुढे ऐकणाऱ्यांनीच तो अभिमानाने उचलून धरला. शिवीचा अभिमान झालेला शब्द मराठीत शोधायला हवा.

चकवाचांदणी :
हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. आणखी एक पेच याच श्रोत्यांमुळे पडला आहे. ‘पदार्पण’ म्हणावे तर कोणाचे? बँडचा दुसरा अल्बम नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि तिसरा १९९८ मध्ये आला, म्हणजे कित्येकांनी पहिला अल्बम तिसऱ्याच्या नंतर ऐकला आणि त्याची तुलना उलट्या दिशेने केली. पहिला अल्बम पुन्हा निघाला त्याच १९९९ मध्ये या बँडला ब्रिट या ब्रिटिश संगीत-पुरस्कारांत ‘नवागत’ म्हणून गौरवले गेले.

शिळाप्रेस :
मग ‘पहिलावहिला’ लिहा. तो बँडच्या बाजूने बोलतो. ‘वाघिणीचे दूध’बद्दल मात्र कोणीच उत्तर दिले नाही.

रानजाई :
तसे करू नका, ही कळकळीची विनंती. चिपळूणकरांनी इंग्रजी भाषेला वाघिणीचे दूध म्हटले, आणि मराठी वाचक ते शब्द वाचताच पराक्रम आणि विद्या यांकडे वळेल. अल्बमच्या मुखपृष्ठावर एक बाई कापडी वाघाला अंगावर पाजत आहे. इथे दूध वाघिणीचे नाही, वाघाला पाजलेले आहे.

शिळाप्रेस :
मुखपृष्ठ मी पाहिले नव्हते. तरी ‘टायगर’ला ‘वाघ’ म्हणायला हरकत नसावी. ‘वाघदूध’ कसे वाटते?

कानामात्रा :
‘वाघदूध’ हा समास मला चालेल, पण उच्चारताना घ आणि ध हे दोन घोषमहाप्राण (हकार मिसळलेले जड वर्ण) जवळ येतात आणि शब्द जड होतो. आमच्याकडे ‘वाघनख’ सहज म्हणतात, तेव्हा सवयीचाही प्रश्न असेल.

चकवाचांदणी :
मला अंकासाठी शुक्रवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे. हिणवणाऱ्यांच्या तोंडी ‘गुळचट’ आणि प्रेम करणाऱ्यांच्या तोंडी ‘लडिवाळ’ असे दोन शब्द ठेवावेत का, असा विचार मनात येतो. पण मग दोघेही एकच शब्द वापरत होते हे वाचकाला कळणारच नाही.