पॅडच्या रॅकवर पाटी काय लिहू?

फलटणची_सून

नमस्कार सगळ्यांना. आमचं फलटणजवळ किराणा आणि जनरल स्टोअर्स आहे, सासऱ्यांनी चालू केलेलं. इतकी वर्षं काउंटरवरूनच माल द्यायचो, आता दिवाळीआधी आतलं सगळं काढून रॅक टाकतोय म्हणजे गिऱ्हाईक आत येऊन स्वतः माल उचलणार. प्रत्येक रॅकवर सनबोर्डची पाटी लागणार. डाळी-कडधान्य, मसाले, साबण-शाम्पू, वह्या-पेन अशी यादी मी एका बैठकीत लिहून काढली आणि पॅडच्या रॅकवर येऊन अडकले, चार दिवस झाले तिथंच आहे.

होलसेलवाल्याच्या यादीत 'फेमिनिन हायजीन' लिहिलंय. आण्णा म्हणजे सासरे म्हणतात 'लेडीज पर्सनल' टाक, समजतं सगळ्यांना. नवरा म्हणतो पाटीच नको, ज्यांना लागतं त्यांना माहीत असतं कुठं ठेवलंय. मला सरळ 'मासिक पाळी' असं लिहायचंय.

माझ्या डोक्यात हे का बसलंय ते सांगते. मागच्या महिन्यात एक मुलगी आली, सातवी-आठवीतली असेल, हातात शंभराची नोट. आधी पेन घेतलं, मग चॉकलेट घेतलं, मग नुसतीच उभी. दुकानातली दोन पुरुष गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबली आणि मग वरच्या फळीकडं बोट करून म्हणाली "ते द्या". मी विचारलं कुठलं, तर परत "ते". तिच्याकडं त्या वस्तूला शब्दच नव्हता हो. आणि मी तरी काय केलं, सवयीनं पेपरात गुंडाळून दिलं. 2018 ला प्लॅस्टिकबंदी आली तोपर्यंत काळ्या पिशवीत द्यायचो, पिशवी गेली पण गुंडाळणं काही गेलं नाही. ती गेल्यावर मला फार वाईट वाटलं.

तर पाटीवर काय लिहावं? दुकान चालवणाऱ्यांनी तर सांगाच, पण बायकांनीही सांगा की तुम्हाला अशा पाटीखाली उभं राहायला कसं वाटेल. खरं खरं सांगा.

---

औषधवाला_सांगली

ताई, माझं मेडिकल आहे, 14 वर्षं झाली. पाटीचा शब्द तुम्ही ठरवा पण 'हायजीन' लिहू नका एवढं माझं म्हणणं. हायजीन म्हणजे स्वच्छता, आणि स्वच्छतेच्या नावाखाली ठेवलं की लोक ते हॅंडवॉश, फिनेलच्या शेजारी नेऊन ठेवतात आणि न बोलता असं होतं की पाळी म्हणजे काहीतरी घाण जी साफ करायचीय. आपल्याकडं विटाळ आधीच घराघरात आहे, दुकानानं त्यात भर कशाला घालायची.

दुसरं म्हणजे बऱ्याच दुकानात पॅड आणि बाळांचे डायपर एकाच फळीवर असतात. आपल्या बिलातही दोन्हीला 9619 हाच कोड येतो त्यामुळं माल एकत्रच उतरतो आणि एकत्रच लागतो. टॅक्स मात्र वेगळा, पॅडवर 2017 च्या जुलैत 12 टक्के लागला आणि वर्षभरानं 2018 च्या जुलैत काढून टाकला. ते असो. फळी वेगळी ठेवा. आई होऊन बाळासाठी डायपर घेणारी आणि पाळीसाठी पॅड घेणारी मुलगी यांना एका जागी का उभं करायचं.

आता जे खरं महत्त्वाचं आहे ते. साईज. पाकिटावर एक्सएल, डबल एक्सएल लिहिलेलं असतं. त्याचा अंगाच्या मापाशी काही संबंध नसतो, ते पॅडच्या लांबीचं माप आहे. पण माझ्याकडं रोज कोणीतरी म्हणतं "मी बारीक आहे, मला एक्सएल नको". आणि बायकोसाठी न्यायला आलेले पुरुष तर हमखास, "तिला एम साईज बसतो". लांब पॅड म्हणजे रात्री झोपताना मागं डाग पडू नये म्हणून, किंवा जास्त जात असेल तर. शिवाय एका कंपनीचं एक्सएल आणि दुसरीचं एक्सएल मिलिमीटरमध्ये सारखंच असेल असंही नाही. मिलिमीटर पाकिटावर कुठंतरी बारीक छापलेले असतात, ते बघा आणि फळीच्या कडेला किमतीच्या स्टिकरबरोबर मोठ्या अक्षरात लावा, 240, 280, 320 असं. आणि अल्ट्रा म्हणजे पातळ, मॅक्सी म्हणजे जाड, हेही लोकांना माहीत नसतं, अल्ट्रा म्हणजे जास्त चांगलं असं समजून नेतात.

---

सुमनआजी_६३

मी कऱ्हाडकडची. माझं मत वेगळं आहे ते रागावू नका. मला पाटीवर पाळी हा शब्द नको वाटतो. पोरींनो तुम्ही बोलता ते मला पटतं, माझ्या नातीशी मी स्वतः बोलते, पण दुकान ही चार लोकांची जागा आहे. आमच्या वाडीतल्या बायका त्या पाटीखाली उभ्याच राहणार नाहीत. आज निदान साबणाच्या बाजूला हात घालून पटकन उचलता तरी येतं, डोक्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं तर ज्या बाईचा दीर, सासरा त्याच दुकानात तेल घ्यायला उभा आहे तिनं काय करायचं? पाटी लावणारीला धीर आहे, उचलणारीला असेलच असं नाही.

आमच्या वेळी तर सगळ्याच पॅडला केअरफ्री म्हणायचे, कुठल्या का कंपनीचं असेना. तेही शहरात. गावाकडं जुनं लुगडंच होतं. नाव घ्यायची वेळच यायची नाही, "बाहेरची आहे", "कावळा शिवला" एवढं म्हटलं की समोरच्याला कळायचं.

---

झेडपीच्या_बाई

आजींचं म्हणणं मला सोडून देता येत नाही कारण ते खरं आहे, मी शाळेत हेच बघते. पण म्हणूनच पाटी हवी असं मला वाटतं, फक्त कुठं आणि केवढी ते बघा.

मी बीड जिल्ह्यात शिकवते. 2018 ला महिला दिनाला अस्मिता योजना सुरू झाली तेव्हा झेडपी शाळेतल्या मुलींना 5 रुपयात 8 पॅडचं पाकीट मिळायचं, बचत गटाच्या बायका द्यायच्या. त्या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली की ज्या मुली 'पॅड' म्हणायला लाजायच्या त्या "बाई, अस्मिता आहे का" असं वर्गाच्या दारात उभं राहून विचारायच्या. आपल्या भाषेतलं, वाचता येणारं, बोलता येणारं नाव मिळालं की जीभ सुटते.

पण मग मी विचार करत बसले की ही सगळी नावं बघा. व्हिस्पर म्हणजे कुजबुज. स्टेफ्री म्हणजे मोकळी राहा, केअरफ्री म्हणजे काळजी नको. जनऔषधीचं 1 रुपयावालं पॅड आहे त्याचं नाव सुविधा. आमचं अस्मिता. एकाही नावात ती वस्तू कशासाठी आहे ते नाही. पाकिटावर मराठीही फारसं दिसत नाही कारण नियमाप्रमाणं जी माहिती छापावी लागते ती इंग्रजीत नाहीतर हिंदीत असली तरी चालते. म्हणजे नावात नाही, पाकिटावर नाही, घरात आई बोलत नाही, तर मग त्या पोरीनं हा शब्द वाचायचा कुठं? तुमची पाटी ही ती एकच जागा आहे ताई.

हे मी उगाच नाही म्हणत. आमच्या सहावीतल्या एका मुलीनं स्वतःच्या पैशानं पाकीट आणलं, कुणाला न विचारता, आणि ते निघालं पॅंटी लायनर. पातळ पट्टी असते ती, पांढरं पाणी जातं त्यासाठी किंवा अगदी शेवटच्या दिवशी थोडंसं डागतं तेव्हा. पाकीट तसंच गुलाबी, तशीच फुलं. दुसऱ्या तासालाच ड्रेस भरला, आणि ती मधल्या सुट्टीपर्यंत बाकावरून उठलीच नाही. मला कळलं तेव्हा मी तिला माझी ओढणी कमरेला बांधून घरी सोडलं. आठवडाभर आली नाही शाळेत. लायनरची फळी वेगळी करून त्यावर "रोजच्या ओलाव्यासाठी, पाळीसाठी नाही" एवढं लिहा, हात जोडून सांगते.

---

एडिनबरोकर

मी मूळची नाशिकची, 9 वर्षं स्कॉटलंडमध्ये आहे. इथं 2020 च्या नोव्हेंबरमध्ये संसदेत कायदा मंजूर झाला आणि ऑगस्ट 2022 पासून लागू झाला, ज्याला गरज आहे त्याला पॅड, टॅम्पॉन वगैरे फुकट मिळाले पाहिजेत आणि ती सोय स्थानिक कौन्सिलनं करायची. आमच्या लायब्ररीच्या टॉयलेटमध्ये टोपली ठेवलेली असते, कोणी विचारत नाही, घ्यायचं आणि जायचं. या कायद्याच्या नावातच 'पिरियड प्रॉडक्ट्स' असे शब्द आहेत, सॅनिटरी नाही, हायजीन नाही. मी आले तेव्हा आमच्या जवळच्या दुकानात 'फेमिनिन' अशी पाटी होती, आता तिथंही पिरियड आहे.

हे वाचून कुणी म्हणेल की चला मग आपणही 'पिरियड प्रॉडक्ट्स' लिहू. मला तसं नाही वाटत. इथल्या लोकांनी त्यांच्या आई-मुली घरात जो शब्द बोलतात तोच पाटीवर घेतला. आपला तो शब्द 'पाळी' आहे. आपण इंग्रजी शब्द घेतो तो बरेचदा मराठी शब्दाच्या आड लपायलाच घेतो, पूर्वी 'एमसी' म्हणायचे ते तरी काय होतं. फलटणच्या दुकानात 'पाळी' वाचून जे होईल ते 'पिरियड' वाचून होणार नाही, आणि ते व्हायलाच हवंय.

---

औषधवाला_सांगली

बाईंचं लायनरचं वाचून मी आत्ता दुकानात जाऊन बघितलं, माझ्याकडंही दोन्ही पाकिटं शेजारीच लावलेली आहेत. उद्या वेगळी करतो.

आजींच्या मुद्द्यावर एक करता येईल, पाटी रस्त्याकडून दिसेल अशी नको, रॅकच्या वर नको, डोळ्यासमोर येईल अशी फळीच्या उंचीवर आडवी पट्टी लावा. जवळ गेलेल्यालाच वाचता येईल. आणि तो रॅक काउंटरच्या नजरेसमोर ठेवू नका, तेलाच्या डब्यांपासूनही लांब ठेवा, कोपऱ्यात पण उजेड असलेल्या. अजून एक, टाकायचं कसं तेही तिथंच लिहा. 2016 च्या कचऱ्याच्या नियमात कंपन्यांना एक तर सगळा माल पुनर्प्रक्रिया करता येईल असा वापरायचा प्रयत्न करा नाहीतर प्रत्येक पॅडबरोबर टाकायला पिशवी द्या असं सांगितलं होतं, पण सगळ्या पाकिटात ती असतेच असं नाही. पुण्यात 'स्वच्छ' या संस्थेच्या कचरावेचक बायकांनी लोकांना सांगितलं होतं की वापरलेलं पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे त्यांना उघडून बघायला लागणार नाही. लेबल त्या बाईलाही लागतं, आपण फक्त विकत घेणारीचाच विचार करतो.

---

सुमनआजी_६३

फळीच्या उंचीवर असेल तर माझी हरकत नाही. मला वर्गातली ती पोर डोळ्यासमोरून जाईना.

---

फलटणची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार, आजी तुमचे जास्त, कारण दीर-सासऱ्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं आणि मी स्वतः त्याच घरात राहते.

काल रात्री जेवताना आण्णांना झेडपीच्या बाईंचा मेसेज पूर्ण वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, ताटावरून उठले. आज सकाळी दुकान उघडताना म्हणाले लायनरचं काय ते नीट लिहून घे, मला गिऱ्हाइकाला सांगता यायचं नाही. मग दोघं बसून पाकिटावरचे मिलिमीटर बघत बसलो, त्यांना चष्म्यानंही दिसेनात, शेवटी मोबाईलवर फोटो मोठा करून वाचले.

ठरलं ते असं. फळीच्या उंचीवर पट्टी, 'मासिक पाळी : पॅड'. खाली तीन भाग, 'दिवसा', 'रात्री / जास्त जात असेल तर' आणि टाकायच्या कागदाचा. प्रत्येक पाकिटाखाली लांबी मिलिमीटरमध्ये. लायनर वेगळ्या फळीवर, बाई तुमचंच वाक्य घेतलंय. शेवटच्या भागात जुन्या पेपरचे चौकोनी तुकडे कापून ठेवणार आहे, 'टाकताना यात गुंडाळा, लाल ठिपका काढा' असं लिहून. पेपर तोच, पण दुकानातून नेताना गुंडाळायला नाही. काउंटरवर आता कोणी मागितलं तरच गुंडाळून द्यायचं असं कामाच्या पोरालाही सांगितलंय.

रेडियमवाल्याला मजकूर पाठवला तर त्यानं फोन करून दोनदा विचारलं, "वहिनी हेच लिहायचंय ना?" हो म्हटलं, आणि पाळीतला ळ नीट काढ म्हटलं. गुरुवारी पाट्या येतील.