'ठसा' नेमका कशाला म्हणायचं: कोरलेल्याला की उमटलेल्याला?

पळसपान
नागपुरात धरमपेठेत आम्ही काही जण मिळून एक स्टुडिओ चालवतो. हातप्रेस एकच, वाळवणीची दोरी एकच, शाईचे डबे सगळ्यांचे. विषय बहुतेकांचे इथलेच: सेमिनरी हिल्सवरची सागाची पानं, फुटाळ्याकाठचं गवत, पळस, बहाव्याच्या शेंगा. वाद होतो तो शब्दावरून. 'पळसाच्या पानाचा ठसा रॅकवर ठेव' म्हटलं की तीन अर्थ निघतात. पान कोरलेला लिनोचा (कोरून छापायच्या मऊ पत्र्याचा) तुकडा, त्या तुकड्यावरून कागदावर काढलेलं चित्र, किंवा खऱ्या पानालाच शाई लावून कागदावर घेतलेली खूण. तिन्हींच्या जागा वेगळ्या, आणि ओला कागद भलतीकडे गेला की दुसऱ्याच्या कामाला डाग. 'ब्लॉक' आणि 'प्रिंट' म्हणून मोकळं होता येतं, आम्ही होतोही. पण मराठीत या तिघांची सोय आहे का?

जुना जुळारी
ताई, या शब्दाला मुळातच दोन तोंडं आहेत. सोनार ज्यावर पत्रा ठोकतो तो ठसा, कापड छापणाऱ्याच्या हातातलं कोरीव लाकूड तेही ठसाच, आणि पोलीस घेतात ते बोटांचेही ठसेच. मुद्रेचंही तसंच. राजाची मुद्रा म्हणजे हातातला शिक्का आणि कागदावर उठलेली त्याची खूणही.

बोलताना अडत नाही, कारण क्रियापद सांभाळून घेतं. ठसा कोरतात, घडवतात, तो झिजतो, तेव्हा वस्तू. ठसा उमटतो, घेतात, पुसला जातो, तेव्हा खूण. 'चा-ची-चे' मात्र दगा देतं: 'लाकडाचा ठसा' म्हटलं की लाकूड डोळ्यांपुढे येतं आणि 'बोटाचा ठसा' म्हटलं की कागद. व्याकरण तेच, अर्थ आपण आपल्या मनाने लावतो. तुमच्या पळसाच्या पानापाशी मनालाही ठरवता येत नाही, आणि रॅकवरच्या चिठ्ठीत क्रियापद नसतं.

मी म्हणेन, कोरलेल्याला ठसा आणि कागदावरच्याला छाप. ती छाप, स्त्रीलिंगी.

धंतोलीकर
काका, 'छाप' नको हो. अंगठाछाप, घोडाछाप... प्रदर्शनात चित्राखाली 'छाप' लिहिलं तर लोक काडेपेटी समजतील. 'मुद्राचित्र' हा चांगला रुळलेला शब्द आहे, तोच वापरा.

जुना जुळारी
भिंतीवर मुद्राचित्र जरूर लिहा. पण शाईने हात बरबटलेले असताना 'माझं मुद्राचित्र दोरीवरून उतरव' कोण म्हणणार? कामाच्या जागेचा शब्द वेगळा असतो आणि भिंतीवरचा वेगळा, दोन्ही राहू द्या. आणि छाप हलकी कधीपासून झाली? शिळाछाप पोथ्या लोकांनी देव्हाऱ्यात ठेवल्या आहेत. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाप्रेसवर पंचांग छापलं, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवत नसत. मग त्यांनी शाईत तूप घातलं, असं सांगतात. लोकांची हरकत चरबीला होती, छापण्याला नव्हे.

तेलघाणी
शाईचा विषय निघालाच आहे तर 'लिनो'बद्दल. याला मराठी शब्द शोधत बसू नका, तो अर्धा आपलाच आहे. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल हवेत मुरवून घट्ट करायचं, त्यात लाकडाचा किंवा बुचाचा भुसा आणि राळ मिसळायची, आणि ते तागाच्या कापडावर थापायचं. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि ओलियम म्हणजे तेल. छपाईच्या तेलशाईतही पुन्हा जवसच. विदर्भात बसून आपण ज्याची चटणी खातो त्याच्यावरच कोरतो, त्यानेच छापतो. (लिनो थंडीत कडक होतो म्हणून लोक तो शेकून मऊ करतात. आपल्याकडे मे महिन्यात काहून शेकायचा बाप्पा, रॅकवरच मऊ असते.)

पळसपान
काका, ठसा आणि छाप पटलं. पण खऱ्या पानाचं काय? तिथे कोरणं नाहीच. पान हाच ठसा, आणि दोन-चार कागदांनंतर त्याचा चोथा होतो.

आणखी एक. पानावर पातळ कागद ठेवून वरून चमच्याने घासतो, त्याला आमच्यात प्रत्येक जण वेगळं म्हणतो. घासणं, दाबणं, रगडणं. रगडलं तर पान फाटतं, म्हणून मला तो शब्दच नको वाटतो.

जुना जुळारी
त्याला घोटणं म्हणा. जुने लेखक पोथीचा कागद घोटून गुळगुळीत करत. हाताचा जोर सारखा पण बेताचा, हे त्या शब्दातच आहे. ज्याने घोटायचं तो घोटा, मग तो चमचा का असेना. आणि शाई पसरायचा तो रूळ. आमच्या छापखान्यात रूळच म्हणत, रोलर नंतर आला.

खऱ्या पानासाठी 'पानछाप' म्हणून बघा. 'पानाची छाप' नको, पुन्हा 'ची' आली. कोरलेल्या पानाची असेल ती लिनोछाप. शाई पानाच्या खालच्या बाजूला लावत असालच, शिरा तिकडेच उठून असतात.

धंतोलीकर
लिनोछाप मला अजूनही कानाला खटकतं, पण चिठ्ठीवर चालेल. एक अडचण सांगतो: छापचं अनेकवचन 'छापा'. दोरीवर 'ओल्या छापा' अशी पाटी लावलीत तर आयकरवाले येऊन गेले असं वाटेल.

पळसपान
पाटीवर 'ओले कागद' लिहू, त्यात वाद नाही. शेवटचं: लिनोछापेखाली आम्ही पेन्सिलने 3/20 असं लिहितो, वीसपैकी तिसरी. याला 'आवृत्ती' म्हणायचं का?

जुना जुळारी
आवृत्ती म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं पहिली संपली, दुसरी निघाली. तुमच्या वीसही एकाच वेळच्या. 'वीस प्रतींपैकी तिसरी प्रत' एवढं पुरे. पानछापेखाली मात्र असा आकडा घालू नका. पान दर कागदाला बदलत जातं, दोन छापा सारख्या निघत नाहीत, तेव्हा वीसपैकी कशाच्या? 'एकच प्रत' लिहा आणि सही करा.