मदत हवी आहे : नदीसाठी धरणातून पाणी किती आणि कसं सोडावं?

नमस्कार मंडळी. एका जलाशयाच्या उन्हाळी विसर्गाचं वेळापत्रक करतोय आणि अडकलोय. पिण्याचं पाणी आधी, त्यावर वाद नाही. पण शेतीला आवर्तन (ठरावीक दिवस सोडलेलं सिंचनाचं पाणी) एकदम मोठं हवं, वीजनिर्मितीला मागणी वाढेल त्या वेळी हवं, आणि नदीला थोडं का होईना, रोज हवं.

नदीत किमान किती पाणी राहू द्यावं हे ठरवणाऱ्या टेनंट यांच्या १९७६ च्या पद्धतीने हिशेब केला. सरासरी वार्षिक प्रवाहाच्या १० टक्क्यांवर नदीतले जीव जेमतेम तग धरतात, ३० टक्क्यांवर बरे जगतात. पण ही पद्धत अमेरिकेतल्या नद्यांवरून बसवलेली आहे. वर्षाचं बहुतेक पाणी पावसाळ्यातच वाहून जाणाऱ्या नदीत उन्हाळ्याला ३० टक्के धरले, तर आकडा नैसर्गिक प्रवाहाच्याही वर जातो! वार्षिक सरासरीऐवजी त्या त्या महिन्याच्या प्रवाहाची टक्केवारी कुणी वापरली आहे का?

त्याहून जास्त छळतंय ते वेगळंच. आवर्तन संपलं की गेट झटकन बंद होतं. पाणी भराभर उतरतं, खडकांतल्या खळग्यांत बोटाएवढे मासे अडकतात आणि दुपारपर्यंत तडफडून मरतात. डोळ्यांनी पाहिलंय, डोक्यातून जात नाही. विसर्ग टप्प्याटप्प्याने कमी करायचा तर तासाला पातळी किती उतरू द्यावी?

शेतीचंच पाणी कालव्याऐवजी नदीपात्रातून खालच्या बंधाऱ्यापर्यंत न्यावं, असंही मनात आहे. एका पाण्यात दोन्ही गरजा भागतील. पण वाटेतला पाझर आणि उपसा? प्रत्यक्ष करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा, तूट कशी मोजलीत?