एका वर्गात चार पेनर

मेनोनाइट या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या आडनावांचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी कॅनडात, विनिपेगला असतो. ऑफिसातला एकजण दक्षिण मॅनिटोबात, विंकलरजवळच्या शेतावर वाढलेला मेनोनाइट. १८७४ पासून रशियन साम्राज्यातून इकडे आलेली ही मंडळी, आडनावं मोजकीच: पेनर, फ्रीझन, राइमर. त्याच्या हायस्कुलात ‘पेनर’ अशी हाक मारली की चार पोरं उभी राहायची. एखादी मुलगी आवडलीच, तर आधी आजीकडे चौकशी, “ही आपली कोणी लागते का गं?” आजी प्लाउटडीच या त्यांच्या जर्मन बोलीतून तीन पिढ्या उलगडायची आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथेच आटपायचं. (आमच्या कोकणातल्या भावकीत तरी काय वेगळं असतं म्हणा!)

दुसरा उद्योग क्नाकझोटचा, म्हणजे भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. तोंडाच्या एका कोपऱ्यातून बी आत, दुसऱ्यातून टरफल बाहेर, हात न लावता. बायबलच्या तासाला हे कसब दाखवताना गड्याला ठसका लागला. सरांनी काळजीने पाठ थोपटली, तर टरफलांचा सडा थेट त्यांच्याच कोटावर. शिक्षा म्हणून अख्खा वर्ग झाडायचा होता. झाडताना दिसलं, सरांच्या टेबलाखालीही टरफलंच.